टेबलाच्या पलीकडे कोण बसणार?

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची वार्षिक सभा झाली. साडेचारला कोरम नव्हता, म्हणून घटनेप्रमाणे अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवली. मागचं इतिवृत्त कायम झालं, जमाखर्च मंजूर झाला, आणि 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' निघताच इतका वेळ पेंगणारी सभा खडबडून जागी झाली. एका बाजूचं म्हणणं, संघाचा निव्वळ टाइमपास झालाय. वाढदिवस, सहल, कोजागिरी, हळदीकुंकू, पुन्हा वाढदिवस. जरा ज्ञानवर्धक कार्यक्रम घ्या, नावाजलेले वक्ते आणा. दुसरी बाजू तितकीच तापलेली. जन्मभर साहेबांची भाषणं ऐकली, आता तरी हसूखेळू द्या की; व्याख्यान ठेवलंत तर निम्मी माणसं डुलक्या काढतात आणि उरलेली चहा कधी येतो ते बघतात. पाऊण तास हेच चाललं. डोंबिवलीतलं हे भांडण मी ठाण्यात आणि पुण्यातही ऐकलंय. विरंगुळा की ज्ञान, असा जणू कौलच लावायचाय.

चार वर्षं या संघाचा कार्यवाह आणि त्याआधी एकोणचाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसलेला माणूस म्हणून सांगतो, दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत. दोघांच्या डोळ्यांपुढचं चित्र एकच आहे. समोर हिरवं कापड घातलेलं टेबल, त्यावर पाण्याची बाटली आणि शाल-श्रीफळ. पलीकडे पाहुणा, अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांत आपण. वाद फक्त पलीकडे प्राध्यापक बसवायचा की कराओकेवाला, एवढाच. आपणच आळीपाळीने पलीकडे जाऊन बसावं, हे त्या पाऊण तासात एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे. निवृत्तांचा संघ सभासदांनी सभासदांना शिकवण्यावर चालावा. बाहेरचा पाहुणा वर्षातून दोनदा, सणासारखा.

नोकरीतून विशिष्ट वयाला बाहेर पडायचं आणि मग पेन्शनवर जगायचं, ही व्यवस्था फार जुनी नाही. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ साली वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा केला तेव्हा वयाची अट सत्तर वर्षांची होती. पासष्ट झाली ती १९१६ साली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ झालं १९९८ मध्ये. म्हणजे माणूस कधी थकतो हे शरीराने ठरवलेलं नाही, खजिन्याने ठरवलंय. पेन्शन ही मोठी सोय आहे, मी स्वतः तिच्यावर जगतो. पण तिच्यासोबत एक शब्द घरात शिरला, लाभार्थी. ३१ तारखेपर्यंत जो काम करत होता, तो १ तारखेपासून लाभ घेणारा. एसटीचं सवलतीचं तिकीट, विरंगुळा केंद्र, आरोग्य शिबिर, सगळीकडे आपण रांगेत आणि देणारा पलीकडे. यातलं काही नको असं मी म्हणत नाही. एसटीची सवलत मी आनंदाने घेतो. प्रश्न एवढाच की संघ ही आपली स्वतःची जागा. तिथेही रांगच लावायची?

ही चर्चा जगात आधी होऊन गेली आहे. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ विद्यापीठात पिएर वेलास नावाच्या प्राध्यापकाने निवृत्तांसाठी वर्ग सुरू केले आणि त्याला 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' म्हटलं. विद्यापीठाच्या खोल्या, विद्यापीठाचे प्राध्यापक, समोर म्हातारे विद्यार्थी. कल्पना युरोपभर पसरली. १९८१ मध्ये ती इंग्लंडात केंब्रिजला पोचली, तेव्हा पीटर लॅस्लेट या इतिहासकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी तिची कूसच बदलली. प्राध्यापक बाहेरून कशाला आणायचे? निवृत्तांत शिक्षक आहेत, सुतार आहेत, नर्स आहेत, बागकाम जाणणारे आहेत. जो शिकवेल तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे शिकायला बसेल. परीक्षा नाही, पदवी नाही, मानधन नाही. भेटायचं कुणाच्या तरी दिवाणखान्यात. आज ब्रिटनमध्ये असे हजाराहून अधिक गट आहेत. तुलूझची रीत वाईट होती असं नाही. पण ती विद्यापीठावर टेकून होती, आणि केंब्रिजची माणसांवर. आमच्या सभेतल्या 'ज्ञान'वाल्यांना तुलूझ हवंय, फक्त विद्यापीठ हाताशी नाही. म्हणून ते फोन करकरून एकेक वक्ता गोळा करतात.

कुणी म्हणेल, हे साहेबांच्या देशातलं. आपली परंपरा श्रोत्यांची. खरंच का? पुण्याची वसंत व्याख्यानमाला हे आपल्या श्रोतेपणाचं सगळ्यात मानाचं ठिकाण. ती चालवणाऱ्या सभेचं नाव आठवून पाहा. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ च्या सुमाराला उभ्या राहिलेल्या त्या संस्थेचं नाव 'वक्तृत्वोत्तेजक सभा'. उत्तेजन द्यायचं होतं ते बोलण्याला. साध्या माणसाने उभं राहून चारचौघांत विचार मांडायला शिकावं, हा हेतू नावातच आहे. आपण त्यातली व्याख्यानं ठेवली आणि उत्तेजन विसरलो.

आता समोरच्यांची बाजू. ती हलकी नाही.

पहिला आणि मला सगळ्यात टोचणारा मुद्दा असा, की माणसं थकलीत. आमच्या संघात येणाऱ्या कित्येक बायकांच्या आयुष्यात संध्याकाळचे दोन तास स्वतःचे असण्याची ही पहिलीच वेळ आहे. नातवंडाला क्लासला सोडायचं, कुकर लावायचा, सासरेबुवांचं औषध द्यायचं, यातून सुटून त्या येतात आणि नुसत्या बसतात. त्यांच्यापुढे फळा आणून ठेवणारे आपण कोण? हरिपाठ म्हणतील, उखाणे घेतील, घरी जातील. त्याला 'टाइमपास' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

पण हाच हरिपाठ जरा जवळून बघा. भजनी मंडळात श्रोता कुठे असतो? प्रत्येकीच्या हातात टाळ. ज्या बाई आज पेटी धरतात त्या सहा वर्षांपूर्वी फक्त साथ द्यायच्या. चाल चुकली की शेजारची कोपराने ढोसते, पुढच्या मंगळवारी चाल बसलेली असते. फी नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. पीटर लॅस्लेटला जे केंब्रिजमध्ये उभं करावं लागलं ते आपल्या भजनी मंडळांत कधीपासून चालू आहे. विरंगुळावाले भजनाला शिकण्याच्या विरुद्ध टोकाला ठेवतात आणि ज्ञानवाले त्याला शिकणं मानायलाच तयार नाहीत. मला वाटतं आमच्या संघात शिकणं चालतं ते फक्त तिथेच. शाल-श्रीफळ देऊन आणलेल्या पाहुण्यासमोर आम्ही विश्रांती घेतो.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा आहे आणि मी स्वतः कार्यकर्ता असल्यामुळे तो मला आतून माहीत आहे. निवृत्त माणसाच्या हाती माईक देणं हे धोक्याचं काम आहे. 'प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आमच्या एका सभासदाचं 'माझी सेवायात्रा' ऐकलेलं नाही. एक तास चाळीस मिनिटं. बदल्यांच्या गावांची नावं क्रमाने, प्रत्येक गावच्या साहेबाचा स्वभाव, शेवटी निरोप समारंभाचा फोटो हातोहात फिरवला. त्या संध्याकाळनंतर तीन महिने कुणाही सभासदाला बोलायला उभं करायची माझी छाती झाली नाही. तेव्हा हा आक्षेप पूर्ण मान्य. त्यावर उपाय मात्र पाहुणे आणणं हा नाही, पाहुणेही एक तास चाळीस मिनिटं बोलतात. आम्ही तीन नियम केले: पंचवीस मिनिटं; आत्मचरित्र नाही; आणि हातात एखादी वस्तू किंवा कागद पाहिजे. तिसऱ्या नियमाने चमत्कार केला. निवृत्त नर्स बाई बीपीचं यंत्र घेऊन आल्या आणि दाखवलं की आल्या आल्या, बोलता बोलता, हात लोंबकळत ठेवून मोजलेलं बीपी खोटं असतं. पाच मिनिटं गप्प बसायचं, हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवायचा, मग पट्टा बांधायचा. त्या दिवशी हॉलमध्ये नऊ जणांनी आपापलं यंत्र उगाच शिव्या खात होतं हे कबूल केलं.

पण नियमांपेक्षा मला एक प्रसंग सांगायचाय, कारण माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक नामवंत वकील बोलावले होते. विषय, ज्येष्ठांचे कायदेशीर हक्क. माणूस अभ्यासू. २००७ चा निर्वाह आणि कल्याण कायदा, प्रांताधिकाऱ्यांसमोर चालणारं न्यायाधिकरण, महिना दहा हजारांपर्यंतचा निर्वाह भत्ता, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र मुलाने अट मोडली तर रद्द कसं होतं, सगळं मुद्देसूद सांगितलं. टाळ्या झाल्या. 'कुणाला काही शंका?' म्हटल्यावर शांतता. आभार, चहा.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका निवृत्त तलाठ्यांना उभं केलं. गृहस्थ अबोल, हिशेब तपासायचे असले की तेवढे पुढे येतात. 'सातबारा कसा वाचायचा एवढंच सांगा' म्हटलं तर म्हणाले, 'त्यात काय सांगायचंय?' तरी स्वतःच्याच शेताच्या उताऱ्याच्या तीस झेरॉक्स काढून आले आणि प्रत्येकाच्या हातात पेन्सिल दिली. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, म्हणून सातबारा. सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तीत पिकतं काय. भोगवटादाराच्या, म्हणजे जमीन ज्याच्याकडे आहे त्याच्या, नावाभोवती गोल करा. खाते क्रमांकाभोवती करा. फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे आकडे, बघा, जमिनीचा सगळा इतिहास त्या आकड्यांत आहे. आता 'इतर अधिकार' बघा. इथे बँकेचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं...

दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. एकाहत्तर वर्षांच्या, साताऱ्याकडच्या, तीन वर्षं एरवी फक्त मंगळवारच्या भजनाला येणाऱ्या. वकिलांच्या व्याख्यानालाही त्या तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, 'भाऊसाहेब, आमच्या उताऱ्यावर माझं नाव ह्याच रकान्यात आहे. माझं, थोरलीचं, दोघींचं. भावांची वर, भोगवटादारांत आहेत. असं का?' तलाठ्यांनी विचारलं, 'वडील कधी गेले?' 'त्र्याऐंशी साली.' ते जरा थांबले. मग म्हणाले, 'ताई, वारस नोंद करताना बहिणींची नावं इतर अधिकारात टाकायची वहिवाट होती. तुम्हाला उगाच कशाला सांगू, आम्हीच टाकायचो. मी टाकलीत, कैक.' हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग त्यांनी खाली बसून सांगितलं की १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मुलगी तेव्हाही वारस होतीच. १९९४ मध्ये महाराष्ट्राने लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला, २००५ मध्ये केंद्राने सगळ्याच मुलींना दिला. आणि चुकीच्या रकान्यात नाव असल्याने हक्क आपोआप बुडत नाही. त्या संध्याकाळी हॉल साडेसातला बंद झाला नाही. वॉचमन दोनदा येऊन गेला. पुढे त्या बाई भावांशी बोलल्या की नाही ते मी विचारलेलं नाही. तो त्यांचा प्रश्न.

वकिलांना जास्त माहिती होती यात शंका नाही. मग त्यांना प्रश्न का आला नाही? कारण पाहुण्याला विचारणं म्हणजे चारचौघांत आपलं घर उघडं करणं, आणि तेही दीड तासाने रिक्षात बसून निघून जाणाऱ्या माणसापुढे. तलाठी उद्या सकाळी दूध केंद्रावर भेटणार आहेत. शिवाय त्यांनी स्वतःची चूक कबूल केली. कोणता पाहुणा हे करील? आणि तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. 'त्यात काय सांगायचंय' म्हणणाऱ्या त्या माणसाला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरा आक्षेप आमच्या वर्तुळाबाहेरचा आहे, आणि तो आम्ही क्वचित ऐकतो. निवृत्ती हा मुळात पेन्शनवाल्यांचा शब्द. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. त्यातल्या बहुतेकांना निरोप समारंभ कुठला? आमच्या मोलकरणीला विचारा, तुम्ही रिटायर कधी होणार. ती हसेल. संघ म्हणजे बँक, पोस्ट, शाळा, मंत्रालय यांतून सुटलेल्यांची पंगत, हा आरोप बराचसा खरा आहे. आमची आजीव सभासदांची यादी वाचली तर आडनावांवरूनही ते कळतं. म्हणूनच मी सभासदांनी शिकवण्याचा आग्रह धरतो. व्याख्यानाच्या रीतीत मान पदवीचा असतो. कार्यकारिणीत माजी अधिकारी, मंचावर माजी प्राध्यापक. कामाची गोष्ट दाखवा म्हटलं की उतरंड हलते. स्टेशनजवळ शिलाईची टपरी चालवणारे एक काका आम्ही बोलावले. चेन बंद होत नाही म्हणून आपण पिशवी टाकून देतो. त्यांनी दाखवलं की रनर सैल झालेला असतो, पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी किंचित दाबायच्या, जास्त दाबलं तर तुटतो. घरोघरच्या पिशव्या बाहेर आल्या. नंतर लक्षात आलं, काका बाहत्तरचे, वीस वर्षं आमच्या गल्लीत, आणि सभासद नाहीत. आजीव वर्गणी कधी कुणी त्यांच्यापुढे ठेवलीच नव्हती. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ ला 'आजीबाईंची शाळा' सुरू केली. गुलाबी लुगड्यातल्या आज्या पाटी घेऊन बसलेल्या आपण सगळ्यांनी फोटोत पाहिल्या आणि 'किती गोड' म्हणालो. त्या आज्यांना अक्षरं येत नव्हती, पण भाताच्या खाचरापासून बाळंतिणीच्या काढ्यापर्यंत जे येत होतं ते शिकायला कुणी पाटी घेऊन त्यांच्यापुढे बसलं का? निदान आपल्या संघात तरी दोन्ही पाट्या ठेवता येतील.

राहता राहिला व्यवहार. संस्था चालवणं सोपं नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज. कार्यवाहाचा गुडघा बसला की संस्थाही बसते. हे सगळं खरं, पण यातला पाहुण्यांचा वाटा मोजून पाहा. फोन, आठवण, रिक्षा, शाल, स्मृतिचिन्ह, प्रास्ताविक, परिचय, आभार. आणि पाहुणा ऐन वेळी 'जरा अडकलोय' म्हणतो तेव्हाची धावपळ. आमच्या जमाखर्चात गेल्या वर्षी पाहुण्यांवरचा खर्च चहापेक्षा जास्त होता. महापालिकेकडे आपण मागावं ते भिंतींच्या आतलं: खोली, चढायला रॅम्प, बायकांसाठी स्वच्छ संडास, आणि ऐकू येईल असा माईक. हा शेवटचा मुद्दा कुणी गंभीरपणे घेत नाही. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या पण टाळता येण्याजोग्या चौदा गोष्टी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिल्या, त्यांत एकटेपणा आहे आणि ऐकू कमी येणंही आहे. आमच्याकडे मागच्या तीन रांगांना काहीच ऐकू येत नाही, आणि आपण म्हणतो ज्येष्ठांना रस नाही. कार्यक्रम मात्र महापालिकेकडे मागू नये, नगरसेवकाकडे तर नाहीच. त्यांनी दिलेल्या खुर्च्यांच्या पाठीवर त्यांचं नाव आहे, तेवढं पुरे.

आयत्या वेळच्या विषयांत मी ठराव मांडला: महिन्यातले तीन मंगळवार सभासदांचे, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे, एक हरिपाठाचा. अनुमोदन तलाठ्यांनी दिलं, तेही बसल्या जागेवरून. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, 'आणि एखाद्या मंगळवारी बोलायला कुणीच उभं राहिलं नाही तर?'

मी म्हटलं, 'तर त्या मंगळवारी कॅरम.'